परीक्षा होऊ दे

बाई, परवा ओपीडीत मी एकीवर ओरडले, आणि तेव्हापासून तुम्ही माझ्या डोक्यातून जात नाही आहात. मी हल्ली घोटीच्या पुढे, डोंगराकडच्या एका गावात सरकारी दवाखान्यात असते. भातलावणी नुकतीच आटोपली होती, त्यामुळे इतके दिवस अंगावर काढलेली सगळी दुखणी एकदम रांगेत येऊन उभी होती. त्यात चाळिशीची एक बाई आली, सोबत तिची जाऊ. पदर बाजूला केला तर छातीतली गाठ फुटून जखम झालेली. किती दिवस झाले, मी तिला विचारलं. जाऊच म्हणाली, "शिमग्यापासून हाय, मॅडम. ती म्हणली लावणी होऊ दे, मग जाऊ. कुणाला सांगायचं नाय म्हणून मला शपथ घातली." मग माझं काय झालं कोण जाणे, सगळ्या रांगेसमोर मी त्या जावेला फाडफाड बोलले. शिमग्यापासून तुला ठाऊक आणि तू गप्प बसलीस? शपथ मोठी की माणूस मोठं? ती पदराचं टोक तोंडाशी धरून ऐकत राहिली. सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मी ओरडणारी डॉक्टर नाही. दमलेली आहे, हे सगळ्यांना माहीत आहे, पण ओरडणारी नाही. नाशिकला पाठवायची चिठ्ठी लिहून दिली, रांग संपवली, आणि डबा न उघडताच बसून राहिले. त्या जावेवर ओरडायचा मला काडीचा अधिकार नव्हता. हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि तुम्हाला जाऊन आता वीसेक वर्षं झाली.

म्हणून तुम्हालाच लिहायला घेतलं. पहिल्यापासून लिहिते. तुम्हाला मधूनच सुरुवात केलेली आवडायची नाही.

सीईटी सुरू होऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. त्याआधी बारावीच्या मार्कांवर मेडिकल मिळायचं, आणि बारावीला मला मार्क चांगले होते. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे मी डॉक्टर होणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. चुलत्यांनी तर भाजी बाजारात सांगूनही टाकलं होतं. निकाल बघायला माझे वडील, आमचे दादा, मला मोपेडवर बसवून कॉलेज रोडच्या एका सायबर कॅफेत घेऊन गेले. ते बाहेरच थांबले, आत चपला काढायच्या की नाही हे त्यांना कळेना म्हणून. मी बाहेर आले. "किती?" "एकशे एकोणीस." "किती पैकी?" "दोनशे." दादांनी मनाशी काहीतरी हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे पास ना?" त्यांना सांगायला लागलं की यात पास-नापास नसतं, नंबर लागतो किंवा लागत नाही, आणि एकशे एकोणीसला कुठेच लागत नाही. ते बराच वेळ मोपेडच्या हँडलवरचा चिखल नखाने खरवडत राहिले. मग म्हणाले, "बस मागं."

घरी त्या आठवड्यात जे चाललं ते तुम्हाला मी कधी नीटसं सांगितलं नव्हतं. चुलते म्हणत होते, डी.एड.ला घाला, नोकरी पक्की. आत्याने लासलगावचं स्थळ आणलं होतं, कांद्याचे व्यापारी, घरचे ट्रक. आई काहीच म्हणत नव्हती, पण तिने माझी पुस्तकं कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली, म्हणजे म्हणाल्यासारखंच झालं. शेवटी एका सकाळी शेवंतीच्या वाफ्यात दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक वर्ष बस घरी. दे परत परीक्षा. त्याच्या पुढं माझं या घरात चालायचं नाय, आत्ताच सांगतो." एवढंच. ते एक वर्ष त्यांनी कुणाकुणाशी भांडून मिळवलं होतं हे मला फार नंतर कळलं.

तुम्ही त्यांच्या फुलबाजारातल्या रोजच्या गिऱ्हाईक. देवासाठी नाही, टेबलावर ठेवायला निशिगंधाच्या काड्या न्यायचात, आणि घासाघीस न करता न्यायचात, म्हणून दादांना तुमच्याबद्दल आदर होता. तुम्ही केमिस्ट्रीच्या बाई होतात आणि मुदतीआधीच नोकरी सोडली होती, हेही त्यांना ठाऊक होतं. तुमचे यजमान त्याच वर्षी गेले होते. दादांनी एकदा काड्या बांधता बांधता तुमच्यापुढे माझं गाऱ्हाणं मांडलं. तुम्ही एकच प्रश्न विचारलात, असं ते सांगायचे. "पोरगी रडते का फार?" "आता नाय रडत." "मग पाठवा."

गंगापूर रोडचं तुमचं घर, तळमजला, मागे पेरूचं झाड. तुम्ही मला हॉलमधून थेट स्वयंपाकघरात नेलंत. तिथे एक टेबल होतं, त्याच्या निम्म्या भागावर बरण्या, निम्मा रिकामा. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण तुम्ही लगेच म्हणालात, "स्वयंपाकघरात केमिस्ट्री असते वगैरे मी सांगणार नाहीये. इथला पंखा चांगला चालतो, म्हणून इथे बसायचं." मग माझ्या समोर पाण्याचा तांब्या ठेवून विचारलंत, "मागच्या वेळी काय झालं?" मी घरी, शेजारी, नातेवाइकांत सगळीकडे सांगितलेलंच सांगितलं. परीक्षेच्या दिवशी मला ताप होता. "किती?" "अं?" "ताप किती होता?" मी म्हणाले, खूप होता. तुम्ही कणीक मळायला घेतलीत. पाठमोऱ्याच म्हणालात, "खोटं बोलायचं तर आकडा तरी तयार ठेवावा. तू चुकलीस त्याचं मला काही वाटत नाही. चुकतात सगळेच. पण झालेलं झाकून ठेवायची सवय असेल तर डॉक्टर होऊ नकोस. लासलगावला जा." लासलगावचं तुम्हाला दादांनी सांगितलं असणार. मला इतका राग आला की मी दप्तर उचललं. आणि मग, का कोण जाणे, दारातच उभं राहून सगळं खरं सांगून टाकलं. की पहिला पेपर निम्मा झाल्यावर एक गणित अडलं, मग पुढचं अडलं, हातांना घाम सुटला, उत्तरपत्रिकेवर ओले डाग पडायला लागले, आणि शेवटचे पस्तीस-चाळीस प्रश्न मी न वाचताच गोल काळे केले. नुसते काळे करत गेले. ताप वगैरे काही नव्हता. तुम्ही हात धुतलेत, पदराला पुसलेत आणि म्हणालात, "बस. आता शिकवता येईल."

ते वर्ष मला असं आठवतं की त्याला महिने नाहीत, नुसते दिवस आहेत, सगळे सारखे. सकाळी फुलं तोडायची, सायकलवरून नदी ओलांडून तुमच्याकडे यायचं, दुपारी फिजिक्सचा क्लास, संध्याकाळी घरी येऊन बायोलॉजी. माझ्या वर्गातल्या मुली कॉलेजात गेल्या होत्या, रस्त्यात भेटल्या तर विचारायच्या, सध्या काय करतेस? 'रिपीट करतेय' हे दोन शब्द बोलायचा मला एवढा कंटाळा यायचा की मी गल्लीबोळातून सायकल काढायचे. तुमच्याकडे मात्र कंटाळ्याला जागा नव्हती. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत वीस प्रश्न. मग तपासायचं. चुकलेला प्रत्येक प्रश्न एका वहीत उतरवायचा आणि त्याच्यापुढे कारण लिहायचं. कारणं तीनच चालतील, तुम्ही म्हणाला होतात. येत नव्हतं, घाई केली, घाबरले. चौथं कारण नसतं. पहिल्या वहीत सगळीकडे 'घाबरले' होतं. दिवाळीनंतरच्या वहीत ते कमी होत गेलं आणि 'येत नव्हतं' वाढलं, तेव्हा तुम्ही खूष झालात. "आता बरी माठ दिसतेयस," म्हणालात, आणि उकडपेंडीवर खोबरं जरा जास्त घातलंत.

तुम्ही उभ्यानेच खायचात. पुण्याची तुमची मुलगी रविवारी फोन करायची, तेव्हा तुम्ही हॉलमध्ये जाऊन एका वेगळ्याच आवाजात बोलायचात, हसरा, थोडा उंच. तिला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा टिकलं नव्हतं. आता तिसऱ्यांदा. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं, जून महिन्यातली तारीख होती. फोन ठेवून तुम्ही स्वयंपाकघरात आलात की आवाज पुन्हा नेहमीचा व्हायचा. "कुठे होतो आपण?"

संक्रांतीच्या सुमाराला तुमचं घड्याळ डाव्या हातातून उजव्या हातात आलं. मी बघितलं, पण त्याचा काही अर्थ लावला नाही. वरच्या फळीवरचा डबा तुम्ही मला काढायला सांगायला लागलात. मग एक दिवस म्हणालात, दादांना सांग, निशिगंध आता रोज दोन जुड्या हव्यात, आणि त्या तूच आणत जा. काड्या हॉलच्या टेबलावरून स्वयंपाकघरात आल्या, आपल्या वह्यांच्या शेजारी. बंद खोलीत तो वास एवढा दाटायचा की माझं डोकं धरायचं. बाई, मी स्वतःच्या हाताने सायकलच्या हँडलला बांधून ती फुलं आणत होते, आणि ती कशासाठी हवी होती हे मला कळत नव्हतं.

कळलं ते फेब्रुवारीत. त्या दिवशी तोडायला फुलं कमी होती म्हणून मी तासभर आधीच आले. दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारत आत आले तर तुमच्या खोलीचं दारही उघडं, आणि तुम्ही आरशापुढे उभ्या, खांद्यावरून पदर काढलेला, उजव्या हाताने छातीवरच्या जखमेचा कापसाचा बोळा बदलत होतात. निशिगंधाखाली झाकलेला वास तिथे उघडा होता. मी आरशात दिसले. तुम्ही दचकला नाहीत. बोळा कागदात गुंडाळलात, पदर घेतलात आणि म्हणालात, "स्वयंपाकघरात बस. आले." मी बसले. तुम्ही येऊन पुस्तक उघडलंत, पान शोधलंत, आणि मग ते पुन्हा मिटलंत.

"कधीपासून आहे?" मी विचारलं.

"गाठ दिवाळीच्या आधीपासून. हे असं, महिनाभर."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवीन. तुझी परीक्षा होऊ दे."

"बाई, माझ्या परीक्षेचं काय त्यात?"

"तुझी परीक्षा मे महिन्यात आहे. तिचं बाळंतपण जूनमध्ये. तोवर हे कुणाला कळता कामा नये. तिला कळलं तर ती अंथरुणातून उठून इथे येईल, आणि मग काय होईल ते मला बघायचं नाही." तुम्ही बरण्यांची झाकणं उगाच घट्ट करत होतात. "आणि मला माहितीय दवाखान्यात काय करतात ते. यांच्या वेळी दीड वर्ष बघितलंय मी. दीड वर्ष, आणि शेवटी काय? तर घाई नाहीये. कुणाला सांगायचं नाही. तुझ्या आईला नाही, दादांना नाही. कबूल?"

मी कबूल म्हणाले. शपथ नाही घातलीत तुम्ही, त्याची गरजच पडली नाही. मग तुम्ही पुस्तक पुन्हा उघडलंत, आणि त्या दिवशी आपण इक्विलिब्रियम पूर्ण केलं. तेवढं मला अजून पाठ आहे.

मार्च महिन्यात एकदा दादा मला मोपेडवरून तुमच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. फुलांची टोपली त्यांच्या पायाशी. कोपऱ्यावर त्यांनी गाडी बंद केली. "काय गं, बाई लय वाळल्यात. परवा बाजारात आल्या तर मला वळखू येईनात. काय आजार-बिजार नाय ना?" त्यांनी थेट विचारलं, बाई. त्यांना मी सांगितलं असतं तर ते टोपली तिथेच ठेवून तुमच्या दारात आले असते, तुम्हाला उचलून दवाखान्यात घेऊन गेले असते, तुमच्या मुलीला फोन केला असता. ते तसेच होते, तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणाले, "नाही दादा. ऊन बाधतं त्यांना." ते म्हणाले, "मग उद्याच्याला कोकम देतो घरचं, घेऊन जा." आणि मी दुसऱ्या दिवशी कोकम घेऊन आले. तुम्ही त्याचं सरबत केलंत आणि अर्धं मलाच दिलंत.

एप्रिलमध्ये दोन दिवस तुम्ही दार उघडलं नाहीत. तिसऱ्या दिवशी उघडलंत तेव्हा भिंतीला धरून चालत होतात. तेव्हा मी दुसऱ्यांदा विचारलं. म्हणाले, सिव्हिलमध्ये नुसतं दाखवून येऊ, मी येते बरोबर, कुणाला कळणार नाही. तुम्ही म्हणालात, "परीक्षा होऊ दे," आणि मी गप्प बसले. तिसऱ्यांदा विचारलं नाही. हे मी कितीतरी वर्षं स्वतःला असं समजावलं की तुम्ही मोठ्या, शिकलेल्या, निर्णय तुमचा, मी अठरा वर्षांची पोर काय करणार. ते खोटं नाही. पण ते पूर्ण नाही. मी तिसऱ्यांदा विचारलं नाही कारण मला भीती वाटली की या वेळी तुम्ही हो म्हणाल. हो म्हणालात तर ऑपरेशन, मग पुणे, मग हे स्वयंपाकघर बंद. ऑरगॅनिकचे चार धडे राहिले होते. लासलगावचे लोक मे अखेरीस पुन्हा येणार होते. कारणं तीनच असतात असं तुम्ही म्हणायचात. येत नव्हतं, घाई केली, घाबरले. यातलं कुठलं लिहू? येत होतं मला. चांगलं कळत होतं.

आता मला हेही कळतं की माझी परीक्षा हे तुम्हाला हाताशी आलेलं एक निमित्त होतं. ती नसती तर तुम्ही नुसतं जूनपर्यंत थांबला असतात, आणि जूननंतर बाळाच्या बारशापर्यंत. रोज बघते मी तशी माणसं. लावणी, सुगी, मुलीचं लग्न, मुलाची बारावी. कुणीही आपल्या जिवासाठी लगेच उठत नाही. दिवाळीत आला असतात तर खूपच फरक पडला असता. फेब्रुवारीत आला असतात तर काही वर्षं मिळाली असती, कदाचित नसतीही. मी इतक्या बायका बघितल्यात आता, तरी ते मला सांगता येत नाही. रात्री झोप येते मला, बाई, तसं काही नाही. नुसता थकवा आहे, आणि तो झोपेने जात नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तुम्ही मला एक लहानसा टॉवेल दिलात. जुन्या सुती साडीचा, दुहेरी शिवलेला, कडा हातानेच घातलेल्या. टाके वाकडेतिकडे होते, कारण डावा हात तेव्हा नीट उचलतही नव्हता. "मांडीवर ठेव. वीस प्रश्न झाले की हात पूस. अडलं तरी पूस. पुसून होईपर्यंत पुढचा प्रश्न वाचायचा नाही." दुसरा काही उपदेश नाही. मी तसंच केलं. पहिल्या पेपरात तीन ठिकाणी अडले, तिन्ही वेळा हात पुसले, आणि काही झालं नाही. हात कोरडे झाले की भीतीला बसायला जागा उरत नाही, असंच काहीसं होतं ते. पेपर संपल्यावर मी सायकल मारत थेट तुमच्याकडे आले आणि दारातूनच म्हणाले, "झाली परीक्षा. आता चला." तुम्ही हसलात. किती दिवसांनी हसलात. "अगं, निकाल लागू दे."

निकाल लागला. एकशे चौऱ्याहत्तर. या वेळी दादा कॅफेच्या आत आले, चपला हातात घेऊन. आकडा बघून त्यांनी मला विचारलं नाही की किती पैकी. आम्ही तुमच्याकडे पेढे घेऊन आलो तर दाराला कुलूप होतं. शेजारच्या काकूंनी सांगितलं की मुलीला मुलगी झाली, दोघी सुखरूप, आणि जावई येऊन तुम्हाला पुण्याला घेऊन गेले. बाळ बघायला, काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, पण त्यांना गाडीत दोघांनी धरून बसवलं हो.

मला धुळ्याला सरकारी कॉलेज मिळालं. तिथून एकदा एसटीडी बूथवरून मी तुमच्या मुलीच्या घरी फोन केला होता, आठवतं? तुमचा आवाज खोल गेलेला होता. मागे बाळ रडत होतं. मी विचारलं, बाई, डॉक्टर काय म्हणाले? तुम्ही म्हणालात, "ते काय म्हणणार. अ‍ॅनाटॉमी कशी चाललीय?" मी सांगितलं, हात चालू आहे, पहिल्यांदा हातच शिकवतात. तुम्ही म्हणालात, "नीट बघ हो." तेच शेवटचं. त्यानंतर पंधरवड्याने आमच्या टेबलावर बगल उघडली, आणि सरांनी चिमट्याने एकेक गाठ दाखवत सांगितलं की या अडल्या की हाताला सूज उतरते. मला तुमचं डाव्या हातातून उजव्या हातात गेलेलं घड्याळ दिसलं. मी बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसले. मैत्रिणींना वाटलं, मला फॉर्मलिनचा वास सहन झाला नाही.

तुम्ही डिसेंबरात गेलात. अस्थी घेऊन तुमची मुलगी आणि जावई नाशिकला आले, रामकुंडावर. दादांनी मला निरोप पाठवला, मी धुळ्याहून पहाटेच्या एसटीने आले. गुरुजी घाईत होते, बाजूला आणखी दोन कुटुंबं थांबलेली. दादांनी टोपलीभर शेवंती आणली होती, ती त्यांनी एकेक करून पाण्यात सोडली, बराच वेळ. सगळं उरकल्यावर तुमची मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन माझ्याजवळ आली. मी तिला फोटोत बघितलं होतं, तिने मला नव्हतं. ती म्हणाली, "आई तुझ्याबद्दल फार बोलायची. माझी एक मुलगी धुळ्याला शिकते म्हणायची." मग तिने मला घाटाच्या कडेला नेलं, आणि हलक्या आवाजात, जवळजवळ अजिजीने विचारलं, "तू रोज जायचीस ना गं तिच्याकडे. रोज. तुला कधी काही जाणवलं नव्हतं?"

मी म्हणाले, "नाही, ताई."

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "तू तरी काय करणार. लहान होतीस. लपवायचं ठरवलं की आई कुणाचं ऐकणारी नव्हती. मनाला लावून घेऊ नकोस." मी रडले, आणि तिने मला जवळ घेतलं, बाळासकट. तिची आई गेली होती आणि ती माझं सांत्वन करत होती. मी ते करून घेतलं.

ती अजून पुण्यात असते. ते बाळ आता इंजिनिअर आहे. दर दिवाळीला ती मला फोन करते, डॉक्टर म्हणून हाक मारते, स्वतःचे रिपोर्ट पाठवते, मी ते काळजीने बघते. हा कागद टपालात पडणार नाही, तुमचा पत्ता नाही म्हणून नव्हे. खरं सांगते बाई, आज दुपारी मी वही उघडली तेव्हा वर तिचं नाव लिहिलं होतं. दोन ओळी लिहून ते पान फाडलं. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं.